नुगझार आणि भाऊ

पाचशे कागदांचा शेवटचा गठ्ठा
जानेवारीत संपला.
छापखान्याच्या जागी आता दाढी कोरून देणारं दुकान आहे.
वाझाकाका म्हणाला, केतो, तू शिकलेली,
कम्प्युटरमध्येच छापून टाक की एकदा,
रोज उठून छापायला नको.

ग्लदानीतल्या सोळा मजली इमारतीच्या पायथ्याशी
गॅरेजात आमचं ऑफिस.
एक हीटर, वंगणाचा वास, पोलादी दोरांची वेटोळी,
आणि खिळ्याला टांगलेला
कुठल्याशा लिफ्टमधून उचकटलेला नाण्यांचा डबा.
हलवला तर अजून वाजतो.

जुना कागद एकच सापडला.
त्यावर बाबांच्या कपाचं तपकिरी अर्धवर्तुळ.
तो काचेवर उपडा घातला.
उजेडाची पट्टी त्याच्या पोटाखालून सरकत गेली
आणि पडद्यावर आलं बाबांनी हातानं काढलेलं चित्र:
लिफ्टची पेटी, शेजारी वर जाणारा बाण.
खाली जाणारा काढायचा राहूनच गेला.
गिऱ्हाइकं म्हणायची, नुगझार, चढवतोस खरा,
उतरवणार कोण?
त्याचे वेगळे पडतील, म्हणायचे बाबा.

कपाचा डाग पुसला.
पूर्ववत केला.
मग परत पुसला.

पानाच्या माथ्यावरच्या कोऱ्या पट्टीत
दोनदा टिचकी मारली की हेडर उघडतं.
तिथं चित्र डावीकडे सारलं, उजवीकडे नाव.
आमच्या लिपीत थोरली-धाकटी अक्षरं नाहीत,
कुणी मोठं दिसायचं ते फॉन्टच्या आकड्यावर.
मी वीस दिला.
आणि काका, तुझं नाव? ‘भाऊ’ काढून वाझा घालू?
तो हीटरकडे बघत राहिला.
राहू दे. वाझा लिहिलंस तर लोक विचारतील, हा कोण.

तळाला फोन नंबर. जुना खोडून नवा.
जुना अजून मला पाठ आहे.

पहिल्या वेळी मी चुकले, साधी फाइल म्हणून ठेवली.
काकानं तिच्यावरच नऊ नंबरच्या इमारतीचं बिल लिहिलं,
दुसऱ्या दिवशी त्याच बिलावर दुसरं पत्र,
अर्धं खोडलं, अर्धं विसरला,
आणि चौथ्या मजल्यावरच्या त्सित्सिनोबाईंना
वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली
नव्या मोटरचे अकराशे लारी मागितले गेले.
बाई काठी टेकत आल्या. भांडल्या. कॉफी पिऊन गेल्या.

मग साचा म्हणून साठवला.
आता उघडायला गेलं की तो स्वतः बाहेर येत नाही,
बिननावाची एक प्रत पुढे करतो.
हिच्यावर काय वाटेल ते लिहा, खोडा, फेका.
तो आत जसाच्या तसा,
कुणाचं बिल बुडालं याची त्याला खबर नाही.

काकाला शेजारी बसवून दाखवलं.
इथं खाली टाइप कर, काका.
त्यानं एका बोटानं तारीख टिपली आणि थबकला.
वरचं का असं फिकं? शाई संपत आली?
नाही रे, आपण खाली काम करतोय ना,
म्हणून ते तसं दिसतं.
पुसलं जाणार नाही ना माझ्या हातून?
नाही. कर्सर तिथं पोचतच नाही.
कागदावर बघ.

प्रिंटर खोकला. कागद कोमट निघाला.
चित्र, बाण, नाव: सगळं काळंभोर.
काकानं तो जुन्यावर ठेवून दिव्यासमोर धरला,
बराच वेळ.
बाण जरा डावीकडे गेलाय, म्हणाला.

तेवढ्यात फोन वाजला.
काकानं कानाखांद्यात तो दाबला,
आमचा पहिला लेटरहेड उलटा केला
आणि पाठीवर पेन्सिलीनं लिहिलं:
इमारत बारा, अकरावा मजला, आत दोघं, एक मूल.
चौकोनी घडी, खिशात.
पान्ह्यांची पिशवी उचलली
आणि निघाला.

बारा नंबरला लिफ्ट एकच.
जिन्यानं जावं लागणार.